ओल्ड ट्रॅफर्ड पाडायचं की डागडुजी करायची?

गोलजाळी:
मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबने ११ मार्च २०२५ ला नव्या स्टेडियमचा आराखडा जाहीर केला. तेव्हापासून प्रीमियर लीगच्या धाग्यावर हा विषय सारखा निघतो आणि सामन्यांच्या गदारोळात बुडून जातो. म्हणून वेगळी चूल मांडतोय.

ज्यांनी बातम्या पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात. ओल्ड ट्रॅफर्ड या सध्याच्या मैदानाला लागूनच एक लाख प्रेक्षकांचं नवं स्टेडियम, खर्चाचा अंदाज दोन अब्ज पौंड, रचना फोस्टर अँड पार्टनर्सची. तीन गगनचुंबी खांब आणि त्यांच्यावरून ताणलेलं भलंमोठं छत. त्याला ते स्वतःच छत्री म्हणतात. मँचेस्टरचा पाऊस बघता छत्री हवीच म्हणा. नॉर्मन फोस्टर त्याच शहरात लहानाचे मोठे झालेले, त्यामुळे त्यांना कुणी पावसाचं शिकवायला नको. सुटे भाग कारखान्यात तयार करून शिप कनाल या कालव्यातून बोटीने आणायचे आणि पाच वर्षांत काम उरकायचं, असा दावा. नवं उभं राहीपर्यंत संघ जुन्यातच खेळणार. मग जुनं जमीनदोस्त.

आता जुन्याची कुळकथा. न्यूटन हीथच्या रेल्वे कामगारांनी १८७८ मध्ये काढलेला हा क्लब आधी क्लेटनमध्ये बँक स्ट्रीटवर खेळायचा. शेजारी रसायनांचे कारखाने, मैदानावर धूर. जॉन हेन्री डेव्हिस या बिअरच्या कारखानदाराने पैसा ओतला, आर्चिबाल्ड लीचने नकाशे काढले आणि १९ फेब्रुवारी १९१० ला पहिला सामना झाला. लिव्हरपूलने ४-३ ने हरवलं. तारीख शिवजयंतीची, त्यामुळे आपल्याला पाठ करावी लागत नाही. गंमत म्हणजे लीचच्या पहिल्या नकाशातही प्रेक्षक एक लाखच होते. खर्च हाताबाहेर जायला लागला तसा आकडा ८० हजारांवर आणला. आज ज्याला भविष्याची झेप म्हणून मिरवतायत तो आकडा ११५ वर्षं जुना आहे.

११ मार्च १९४१ च्या रात्री जर्मन विमानांनी बाँब टाकले, मुख्य स्टँड गेला. नवा आराखडाही ११ मार्चलाच जाहीर व्हावा, हा योगायोग की कुणी पंचांग बघून काढलेला मुहूर्त, देव जाणे. युद्धानंतर १९४९ पर्यंत युनायटेड मेन रोडवर, म्हणजे चक्क शहरातल्याच प्रतिस्पर्धी मँचेस्टर सिटीच्या मैदानावर, भाडं भरून खेळलं. २४ ऑगस्ट १९४९ ला बोल्टनविरुद्ध घरी परतले. १९१० चं म्हणावं असं आता दक्षिण स्टँडच्या मधोमध असलेला खेळाडूंचा जुना बोगदा तेवढा उरलाय. बाकी सगळं नंतर जमेल तसं, तुकड्यातुकड्याने बांधलेलं. म्हणून 'शतकाचा वारसा पाडतायत हो' हे रडगाणं मला फारसं पटत नाही.

छत गळतं हे तर सगळ्या जगाने पाहिलं. मे २०२४ मध्ये आर्सेनलशी हरल्यानंतर कोपऱ्यातून धबधबा कोसळत होता आणि पाहुणे प्रेक्षक गाणी म्हणत होते. तेव्हा काहीतरी करायला हवं, यात वाद नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने कर्ज काढून क्लब घेतला आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवलं. इतक्या वर्षांत व्याजापायी किती पैसा गेला, आणि छतावर किती खर्च झाला? आता आणखी दोन अब्ज. ते शेवटी वसूल कुणाकडून होणार? नोव्हेंबर २०२४ मध्ये उरलेल्या तिकिटांचा दर सरसकट ६६ पौंड केला, लहान मुलं आणि पेन्शनर यांनाही सवलत नाही. नव्या घराचा हप्ता सुरू व्हायच्या आधीची ही तऱ्हा.

जाणकारांनी लिहावं.

गॅलरीतून:
वाचतेय. एक बाळबोध प्रश्न, हसू नका. सचिनने पहिलं कसोटी शतक ठोकलं ते हेच का?

सेलवासी:
हसत नाही, इथे नव्याने आलेला प्रत्येक मराठी माणूस हेच विचारतो. ते क्रिकेटचं ओल्ड ट्रॅफर्ड, लँकशायरचं. १४ ऑगस्ट १९९०, नाबाद ११९, वय १७. फुटबॉलचं मैदान तिथून चालत दहा-बारा मिनिटांवर. भाग एकच, म्हणून नाव एकच.

गोलजाळी, लेख छान. जमिनीचा मुद्दा मात्र राहिला. नवं स्टेडियम जिथे यायचंय त्याच्या पाठीमागे मालगाड्यांचं टर्मिनल आहे, कंटेनर चढवण्या-उतरवण्याचं. ती जागा मिळाल्याशिवाय आराखडा जसाच्या तसा बसत नाही, आणि जागेची किंमत काय यावर क्लब आणि रेल्वे मालवाहतूक कंपनी यांच्या आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गरज तुम्हाला आहे हे समोरच्याला कळलं की भाव कसा चढतो, ते इथल्या मंडळींना सांगायला नको. सरकारने आजूबाजूच्या परिसराच्या विकासाला पाठिंबा दिलाय, घरं, रस्ते, रेल्वे वगैरे. स्टेडियमचा खर्च मात्र क्लबनेच करायचा.

चाळकरी:
वा, म्हणजे शेवटी विषय आमच्या घरचाच निघाला! दादरच्या आमच्या इमारतीचा पुनर्विकास बघता बघता दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या, त्यामुळे मला फुटबॉलमधलं काही कळत नसलं तरी प्रश्न मात्र बरोबर सुचतात.

मूळ भाडेकरूंचं काय? आज ज्यांच्याकडे वर्षाचं तिकीट आहे त्यांना नव्या इमारतीत तीच जागा, त्याच दरात, लेखी मिळणार का? बाजूला तीच माणसं असणार का? मेंटेनन्स किती वाढणार? आणि विक्रीसाठीचे फ्लॅट, म्हणजे त्या काचेच्या महागड्या पेट्या, चांगल्या बाजूला आणि मूळ रहिवासी मागच्या विंगमध्ये, असं तर नाही ना? चकचकीत चित्रं सगळेच बिल्डर दाखवतात. आमच्या ब्रोशरमध्ये कारंजं होतं.

गोलजाळी:
चाळकरीसाहेब, फुटबॉल कळत नाही म्हणता आणि नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवता. समर्थकांची संघटना हेच विचारतेय. स्टेडियमला विरोध नाही, दर आणि जागा यांची हमी द्या.

विटासिमेंट:
स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, तेव्हा माझे दोन पैसे.

डागडुजी करा म्हणणाऱ्यांनी नकाशा उघडून दक्षिण बाजू बघावी. बॉबी चार्लटन स्टँडच्या पाठीला मँचेस्टर-लिव्हरपूल रेल्वेमार्ग चिकटलेला आहे आणि रुळांपलीकडे लोकांची घरं. म्हणून बाकी तिन्ही बाजू उंच झाल्या आणि ही एकच बुटकी राहिली. २००६ मध्ये उत्तरेकडचे दोन कोपरे भरून क्षमता ७६ हजारांवर नेली, आता ती सुमारे ७४ हजार. पुढची वाढ या बुटक्या बाजूनेच होऊ शकते, आणि त्यासाठी चालू रेल्वेवर बांधावं लागेल किंवा अख्खं मैदान उत्तरेकडे सरकवावं लागेल. दुरुस्ती करून ८७ हजारांपर्यंत जाण्याचा पर्यायही तपासला होता. पण चालू हंगामात एकेक बाजू बंद ठेवायची, म्हणजे वर्षानुवर्षं कमी प्रेक्षक, कमी गल्ला. वेगवेगळ्या दशकांत बांधलेले स्टँड, प्रत्येकाचा पाया निराळा, प्रत्येकाची छताची कैची निराळी, पाण्याचा निचरा निराळा. अशा जोडांतूनच गळती होते. एक भोक बुजवलं की पाणी दुसरीकडून वाट काढतं.

तरीही 'पाडाच' असा आमच्या धंद्यातला नियम नाही. अ‍ॅनफील्ड बघा. स्टॅनली पार्कमध्ये नवं स्टेडियम बांधायच्या दोन मालकांच्या घोषणा हवेत विरल्या, तिसऱ्यांनी जुनंच वाढवलं. मुख्य स्टँडचा नवा सांगाडा जुन्याच्या मागे आणि वर उभा केला, सामने चालू ठेवून. २०१६ मध्ये ते झालं, मग अ‍ॅनफील्ड रोडची बाजू घेतली. त्यात २०२३ मध्ये कंत्राटदार कंपनीच बुडाली, वरचा मजला महिनोन्‌महिने रिकामा राहिला, पण शेवटी ६१ हजार झाले. लिव्हरपूलकडे मागे जागा होती, आणि तीही आपोआप झालेली नाही. आसपासची घरं वर्षानुवर्षं विकत घेऊन कुलूप लावून ठेवली, गल्ल्या ओसाड पडल्या. त्या रहिवाशांबद्दल फुटबॉलच्या धाग्यांवर कुणी लिहीत नाही.

कॉप_ते_कांदिवली:
ताई, शेवटचं वाक्य लागलं, पण खरं आहे. तिथल्या लोकांचा राग अजून गेलेला नाही.

बाकी युनायटेडवाल्यांनो, तुमच्या घराचं उद्घाटन आम्ही लिव्हरपूलवाल्यांनी ४-३ ने केलं होतं. नव्यालाही आम्हालाच बोलवा.

गोलजाळी:
बोलावू. तोवर फलंदाजीचा सराव करा, ते मैदान शेजारीच आहे.

तांबडा_रस्सा:
आमचं जरा येगळं मत हाय. कोल्हापुरात पाटाकडील आणि शिवाजी मंडळाची मॅच असली की शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसती. पण ते मैदान कुणा एकाचं न्हाई, सगळ्या तालमी तिथंच खेळत्यात. मग आमचं घर कुठलं? तालीम! पेठेतली. तिथं पोरगं लहानपणी बॉल पुसायला येतं, आणि म्हातारं झालं की कट्ट्यावर बसून नव्या पोरांना शिव्या घालतं. मैदान बदललं, गवत बदललं, तरी पेठ बदलत न्हाई. त्यामुळं एक इमारत पाडली म्हणून क्लबचा जीव जातोय असं मला तरी वाटत न्हाई. जीव जातो तो पेठेतला माणूस तिकीट परवडंना म्हणून घरी बसला की.

नाद करायचा तर असा करा की बसायला जागा त्यालाच पयली.

सेलवासी:
रस्सा भाऊ, एकदम बरोबर. पण तुमच्या तालमीचं काम इथे मैदानाभोवतीचा रस्ता करतो, हे लक्षात घ्या. सामन्याच्या दिवशी सर मॅट बझबी वे वर या. मफलर विकणारे, बर्गरच्या गाड्या, समर्थकांची स्वतःची छापील मासिकं पिशवीतून काढून विकणारे. चेस्टर रोडवर लू मकारी या जुन्या खेळाडूच्या नावाचं फिश अँड चिप्सचं दुकान, त्याच्यापुढे रांग, व्हिनेगरचा वास पार चौकापर्यंत. पूर्वेकडच्या कोपऱ्यावर म्युनिकचं घड्याळ, त्यावर ६ फेब्रुवारी १९५८ ही म्युनिकच्या विमान अपघाताची तारीख. बापलेक 'घड्याळाखाली भेटू' असं ठरवून येतात.

त्या अपघातात युनायटेडचे आठ खेळाडू गेले. नंतरचा पहिला सामना १९ फेब्रुवारी १९५८ ला, शेफील्ड वेन्सडेशी. तारीख बघा, पुन्हा तीच. सामन्याच्या पत्रिकेत युनायटेडच्या अकरा नावांच्या जागी नुसत्या कोऱ्या रेघा छापल्या होत्या, कारण कोण खेळणार हे छापायच्या वेळी ठरलेलंच नव्हतं. ३-० ने जिंकले. हे ज्या गवतावर झालं ते गवत दोनशे पावलं बाजूला हलवता येत नाही, एवढंच माझं म्हणणं. घड्याळ हलवता येईल, पुतळे हलवता येतील, ते हलवतीलही.

निळं_आकाश:
सिटीवाला आहे, दगड मारू नका. आम्ही हे भोगलंय. २००३ च्या मे मध्ये मेन रोडवरचा शेवटचा सामना, साउदॅम्प्टनने १-० ने हरवलं. गल्लीबोळातलं मैदान सोडून राष्ट्रकुल स्पर्धेसाठी बांधलेल्या स्टेडियममध्ये गेलो. मेन रोडच्या जागी आता घरं आहेत. सुरुवातीला नव्या जागी आवाज उठायचा नाही, शेजारी अनोळखी, आणि विजय मिळायला लागले ते खूप नंतर, तेही मैदानामुळे नाही तर अबू धाबीच्या मालकांच्या पैशामुळे. सांगायचा मुद्दा, नवं स्टेडियम म्हणजे आपोआप करंडक, असं जे गणित मांडतात ते मला उमगत नाही. टॉटनहॅम बघा. २०१९ मध्ये देखणं स्टेडियम उघडलं, २०२४-२५ च्या लीगमध्ये सतरावे. गळक्या छताखाली युनायटेड पंधरावे!

गोलजाळी:
आणि त्याच मोसमात युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात त्यांनी आम्हाला हरवलं, हे मुद्दाम लिहिलं नाहीस, मोठं मन आहे तुझं.

टॉटनहॅमचंच पुढे सांगतो. नवं स्टेडियम तुफान कमाई करतं, अमेरिकन फुटबॉल, मैफली, मुष्टियुद्ध, सगळं होतं. आणि तरी २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या वार्षिक तिकिटांवरची सवलत गुंडाळायला घेतली. लोकांनी आंदोलनं केली. कमाई वाढली तर दर उतरतील, हे कुठल्या जगात घडतं?

मार्जिनऑफएरर:
इथे सगळे एका सुरात गातायत म्हणून उलट बाजू मांडतो. भावना ठीक आहेत, पण हिशोब बघा. आज कितीतरी लोक तिकिटासाठी रांगेत ताटकळतायत. २६ हजार जागा वाढल्या तर त्यातल्या काही तरी सामान्य माणसाला मिळतीलच ना? जागा कमी ठेवून दर खाली राहत नाहीत, काळाबाजार वाढतो. एवढं म्हातारं स्टेडियम चालवणं हाही खर्चच आहे. आणि आर्सेनलने २००६ मध्ये हायबरी हे जुनं मैदान सोडलं म्हणून आज ते दर सामन्याला साठ हजारांना बसवतात. हायबरीच्या पूर्व स्टँडचा तो सुंदर दर्शनी भाग वारसा म्हणून राखला आणि आत फ्लॅट केले. मैदानाच्या जागी बाग आहे. वाईट काय झालं?

विटासिमेंट:
वाईट नाही झालं, पण तुम्ही मधली वर्षं गाळलीत. कर्ज फेडताना तेव्हाचा प्रशिक्षक वेंगरला दरवर्षी चांगले खेळाडू विकावे लागले. आर्सेनल डोक्यावर मोठा बोजा नसताना निघालं होतं तरी ही वेळ आली. युनायटेड निघतंय ते आधीचंच मोठं देणं घेऊन, वर कर्मचारी कपात करून.

जागा वाढल्याने सामान्यांना मिळतील, याबद्दल: आधुनिक स्टेडियमचा नफा वरच्या मजल्यावरच्या खुर्च्यांतून येत नाही. तो जेवणासकटच्या महागड्या आसनांतून येतो. युनायटेडचा तेव्हाचा कर्णधार रॉय कीनने २००० मध्येच त्या कोळंबी सँडविच खाणाऱ्या मंडळींवर तोंडसुख घेतलं होतं. नकाशा हाती आला की मी आधी तेच मोजते, मैदानाच्या मध्यरेषेसमोरची जागा कुणाला दिली आहे.

मार्जिनऑफएरर:
मान्य, पण मग तुमचा पर्याय काय? छताखाली बादल्या ठेवायच्या?

विटासिमेंट:
बांधा, पण आधी जमीन ताब्यात घ्या, कर्जाची शर्त जाहीर करा आणि खुर्च्यांची वाटणी कागदावर आणा. बार्सिलोनाचं काय झालं? घरचं मैदान नव्याने बांधताना दोन मोसमांपेक्षा जास्त माँजुइकच्या डोंगरावरच्या मैदानात, नोव्हेंबर २०२४ ला १२५ व्या वर्धापनदिनी परतायचं होतं ते नोव्हेंबर २०२५ उजाडलं, आणि तेव्हाही निम्म्याहून कमी जागा खुल्या. इंग्लंडचं वेम्बली तर २००० मध्ये बंद केलं ते थेट २००७ ला उघडलं, तोवर एफए कपचे अंतिम सामने वेल्समध्ये. म्हणून कुणी पाच वर्षं म्हटलं की आम्ही मनात भर घालून ऐकतो.

माद्रिदमामा:
आमच्या रियल माद्रिदच्या बर्नाबेऊ मैदानाचं कुणी नावच घेईना! जुनं न पाडता वरून कवच चढवलं, छत उघडझाप करतं, हिरवळ कापून जमिनीखाली साठवतात. बघायला डोळे पुरत नाहीत. खर्च एक अब्ज युरोच्या पुढे. मैफली करून वसूल करायचा बेत होता, पण शेजारपाजारच्या लोकांनी आवाजावरून अशी काही बोंब ठोकली की २०२४ च्या सप्टेंबरात मैफली थांबवाव्या लागल्या. म्हणजे पैशाचं गणित शेजाऱ्यांना विचारून मांडावं.

मिलानोवारी:
मिलानच्या सान सिरो मैदानावर वेगळा धागा काढायला हवा. तिथे तर कॅलेंडरशी शर्यत लागली होती. दुसरा मजला १९५५ मधला, सत्तर वर्षं झाली की वारसा म्हणून संरक्षण लागू व्हायचं आणि पाडणं अवघड. त्याआधी विक्री उरकली, एसी मिलान आणि इंटर या तिथे खेळणाऱ्या दोन्ही क्लबांनी मिळून घेतलं. तिथेही रचनेत फोस्टरच आहेत.

सेलवासी:
जाता जाता एक. २००५ मध्ये ग्लेझर आले तेव्हा चिडलेल्या काही समर्थकांनी वेगळा क्लब काढला, एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर. दहा वर्षं दुसऱ्यांच्या मैदानांवर भाड्याने खेळले. मग मॉस्टनमध्ये स्वतःचं ब्रॉडहर्स्ट पार्क बांधलं, २०१५ मध्ये बेनफिकाशी सामना ठेवून उद्घाटन. पैशाचा बराच भाग सामान्य लोकांनी समभाग घेऊन उभा केला. आडवं पडलेलं छोटंसं मैदान, पत्र्याचं छत, एका बाजूला उभं राहून बघायचं. प्रत्येक सभासदाला एकच मत. मधल्या काळात तिथेही भांडणं, राजीनामे, कर्जाची ओढाताण झाली, स्वर्ग वगैरे नाही. पण इमारत कुणाची, याचं उत्तर एका वाक्यात देता येतं.

चाळकरी:
सहकारी गृहनिर्माण संस्था झाली की ही. भांडणं होणारच. +१.

तांबडा_रस्सा:
भांडण न्हाई तर तालीम कसली!

गॅलरीतून:
धागा वाचून डोकं गरगरलं, पण मजा आली. जुलैत मुलाकडे लीड्सला जातेय, नातवाला घेऊन ओल्ड ट्रॅफर्ड बघायचंय. पाडायच्या आत बघून होईल ना? आणि जायचं कसं?

सेलवासी:
निवांत या, इतक्यात काही पडत नाही. गाडीने मँचेस्टर पिकॅडिलीला उतरा आणि ट्राम पकडा. फक्त एक करा, ओल्ड ट्रॅफर्ड नावाच्या थांब्यावर उतरू नका, तो क्रिकेटच्या मैदानासमोर आहे. फुटबॉलसाठी ट्रॅफर्ड पार्क मार्गावरचा वॉर्फसाइड जवळ. फेरीची तिकिटं आधीच ऑनलाइन काढा, सामना असेल त्या दिवशी फेरी नसते. दक्षिण स्टँडखालच्या म्युनिक बोगद्यातून जाताना नातवाला थोडा वेळ उभं करा, तिथल्या फलकांवर सगळं लिहिलंय. आणि छत्री घ्या, जुलै असला तरी.

कॉप_ते_कांदिवली:
काकू, लीड्सहून लिव्हरपूलला थेट गाडी आहे. मँचेस्टरला उतरू नका, पुढे बसून राहा.

गॅलरीतून:
नातू युनायटेडचा आहे रे बाबा, घरात राहायचंय मला.